फाइन, पूर्णविरामासह

रात्री पावणेअकराला ताईचं उत्तर आलं. इंग्रजीतला एकच शब्द, ‘फाइन’. आणि त्याच्यापुढे पूर्णविराम.

मी तिला जे पाठवलं होतं ते चांगलं दीड पानभर होतं. आई आता कुणाकडे राहणार, किती दिवस राहणार, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब कोण घालणार, रात्री ती उठली तर हाक कुणाला मारणार. गेले तीन आठवडे फोनवर जे धड बोलता येत नव्हतं ते सगळं मी एका बैठकीत लिहून काढलं होतं. लिहिताना एकदा डोळे भरून आले, एकदा आपण फार टोचून लिहितोय असं वाटून अख्खा परिच्छेद पुसून टाकला. शेवटी दोन प्रश्न विचारले. ‘चालेल का तुला? आणि तू कशी आहेस?’ पाठवल्यावर निळ्या खुणा उमटल्या. मग ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसायला लागलं, थांबलं, परत दिसायला लागलं. कितीतरी वेळ हे चाललं होतं. म्हणजे तीही लिहीत होती आणि पुसत होती. एवढ्या लिहिण्यापुसण्यातून शेवटी तळाशी उरला तो हा एवढासा शब्द.

तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर होता?

पहिल्या प्रश्नाचं असेल तर ‘चालेल’. दुसऱ्याचं असेल तर ‘बरी आहे’. आणि दोन्हींचं नसेल तर मग तिसराच अर्थ, जो बोलताना आवाजावरून लगेच कळतो आणि लिहिताना फक्त पूर्णविरामावरून: कर तुला काय करायचं ते. ताई मेसेजमध्ये कधीच पूर्णविराम देत नाही. तिची वाक्यं नुसती लोटून घेतलेल्या दारासारखी असतात, कुणीही ढकलून आत यावं. त्या रात्री तिनं कडी लावली होती. शेजारच्या खोलीतून आईच्या झोपेतल्या श्वासाचा आवाज येत होता, फोनचा निळसर उजेड माझ्या मनगटावर पडला होता, आणि मी त्या चार अक्षरांकडे बघत बसले होते.

हा शब्द मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला तो दंड म्हणून. पुस्तक उशिरा परत केलं की फाइन, फी उशिरा भरली की फाइन, गणवेशाचा पट्टा विसरला की फाइन. ‘फाइन बसेल’ म्हणायचे सगळे; पाठीत धपाटा बसावा तसा बसायचा तो. त्यामुळे इंग्रजी सुरू झालं त्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी वर्गाकडून ‘हाऊ आर यू? आय ॲम फाइन, थँक यू’ असं म्हणवून घेतलं तेव्हा मी हबकले. सगळी मुलं एका सुरात सांगत होती की आम्ही दंड आहोत, आणि वर आभार मानत होती. बाईंना विचारायचा धीर झाला नाही. घरी आल्यावर ताईला विचारलं. ती तेव्हा आठवीत. पुस्तकातून मान वर न काढता ती म्हणाली, ‘ते फाइन वेगळं गं. हे मजेतलं फाइन.’ दोन निराळे शब्द, योगायोगानं आवाज सारखा, असं मी मनाशी पक्कं केलं आणि पुढे कितीतरी वर्षं तेच धरून चालले. ताईनं सांगितलेलं मी सहसा पडताळून बघत नसे.

त्या रात्री बघितलं. झोप येणार नव्हतीच. आणि कळलं की ती दोन निराळी फाइन नाहीतच. दंडाचं, मजेतलं, बारीक दोऱ्याचं, सगळी एकाच आईची लेकरं आहेत. लॅटिनमध्ये ‘फीनिस’ असा शब्द होता. अर्थ: शेवट, हद्द, शीव. तिथून तो जुन्या फ्रेंचमध्ये आला आणि तिथून निरनिराळ्या वाटांनी इंग्रजीत उतरला. मजेतला माणूस, कापला गेलेला दंड आणि सुईचं टोक यांचं मूळ ‘शेवट’ या एका शब्दात आहे, हे वाचून मी उठून पाणी प्यायले.

पहिली वाट गुणाची. जे काम शेवटापर्यंत नेलं, ज्यात आता आणखी काही करायचं उरलं नाही, ते फाइन. थोडा विचार केला तर ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. ‘पारंगत’ म्हणजे तरी काय, जो पार गेला, पैलतीराला पोचला तो. ‘कार्यक्रम संपन्न झाला’ म्हणजे पार पडला, आणि ‘संपन्न घराणं’ म्हणजे पैसाअडका असलेलं; पूर्ण होणं आणि समृद्ध असणं आपणही एकाच शब्दात ठेवलंय. इंग्रजीतला ‘फायनान्स’ही याच फीनिसचा. आधी त्याचा अर्थ देणं चुकतं करून व्यवहार संपवणं असा होता, पैशाचा कारभार हा अर्थ मागाहून आला. सोन्याची शुद्धता अजूनही याच शब्दानं मोजतात. हजारात किती भाग निव्वळ सोनं, ती त्याची फाइननेस: ९९९ म्हणजे जवळजवळ चोख, २२ कॅरेट म्हणजे ९१६. आटवत आटवत, हीण काढत काढत शेवटाला जे उरतं ते.

आणि हीण काढत गेलं, गाळत गेलं, की वस्तू बारीक होते. म्हणून फाइन म्हणजे बारीकही. मला हा अर्थ सगळ्यात जवळचा आहे, कारण तो माझ्या डोळ्यांसमोर आईच्या हातात असायचा. आईचा टाका फार बारीक. साडीला फॉल लावायची तेव्हा उजव्या बाजूनं टाका कुठे घेतलाय ते शोधून सापडत नसे. कापडाचा एकच धागा सुईच्या टोकावर उचलायचा, जेमतेम, आणि दोरा असा ओढायचा की सुरकुती पडता कामा नये. तिच्याकडे सुयांची चपटी पाकिटं असायची, काळ्या कागदात टोचून ठेवलेल्या सुया, आणि पाकिटावर आकडे. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे मला लहानपणी उलटं वाटायचं. पुढे लक्षात आलं की बारीकपणाच्या सगळ्या राज्यात असंच चालतं. सुताचा काउंट वाढला की सूत तलम होतं, कारण एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात ते त्यात मोजतात. पॉलिशकागदाचा आकडा वाढला की त्याची खर कमी होते. तारेचंही तेच. आई दहा नंबरची सुई उजेडाकडे धरायची, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची आणि एका झटक्यात ओवायची. गेल्या वर्षापासून ती सुई माझ्याकडे द्यायला लागली. आधी ‘दोराच खराब आलाय’ म्हणाली. मग ‘उजेड कमी आहे’ म्हणाली. मोतीबिंदू असल्याचं कळायला आम्हाला सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत ‘आई, डोळ्यांचं काही आहे का?’ असं मी कितीदा तरी विचारलं असेल. दर वेळी उत्तर एकच. ‘काही नाही गं, बरी आहे मी.’

ताई आईवर गेलीय, असं सगळे म्हणतात.

बाकीचे अर्थ त्या रात्री भराभर डोळ्यांखालून गेले. हवा फाइन म्हणजे उघडीप, मग पावसाची वाट बघून थकलेल्याला ती कितीही नकोशी असो. क्रिकेटमधला फाइन लेग, म्हणजे यष्टींमागे जाणाऱ्या सरळ रेषेच्या जवळ जवळ सरकलेला क्षेत्ररक्षक. करारातली फाइन प्रिंट, जी वाचू नये म्हणूनच बारीक छापलेली असते. अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान धुळीच्या कणांनाही शास्त्रात फाइनच म्हणतात. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाचे ते कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तिथे या शब्दात चांगलं असं काही उरलेलंच नाही.

मी अडकले ते दंडापाशी. शेवटाचा दंड कसा झाला? त्यासाठी मध्ययुगीन इंग्लंडच्या कचेरीत जावं लागलं. तिथे राजाशी ‘फाइन करणं’ म्हणजे पैसे देऊन प्रकरण मिटवणं. दंड ठोठावण्याचा अर्थ नंतर चिकटला. मुळात ती रक्कम कटकटीचा शेवट विकत घेण्याची होती. आणि याच नावाचा एक दस्तऐवजही असे. जमिनीवरून दोघांत वाद असला आणि राजाच्या न्यायालयात तो मिटला की जो करार व्हायचा त्याला ‘फाइन’ म्हणत. लॅटिनमध्ये त्याची सुरुवातच ‘हा अंतिम समेट आहे’ अशा शब्दांनी व्हायची. चामड्याच्या एकाच तावावर तोच मजकूर तीनदा लिहायचा: वरच्या बाजूला शेजारी शेजारी दोन प्रती आणि खाली, पायथ्याशी, आडवी तिसरी. मग तो ताव कापायचा, पण सरळ रेघेत नाही. नागमोडी. म्हणजे पुढे कधी कुणी खोटी प्रत आणली तर ती कडेला कड लावून बघायची. खरी असेल तरच जुळणार. वरच्या दोन प्रती दोन्ही पक्षांना जायच्या आणि पायथ्याची तिसरी सरकारी खजिन्यात राहायची. तिला ‘फाइनचा पाय’च म्हणत. तिसरी प्रत जपून ठेवायची ही रीत ११९५ साली सुरू झाली आणि १८३३च्या कायद्यानं बंद झाली, म्हणजे सहाशेहून जास्त वर्षं चालली. ते पाय आजही लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

मी कितीतरी वेळ त्या नागमोडी कडांचा विचार करत होते. एकाच कातड्यावर शेजारी शेजारी लिहिलेलं, तोच मजकूर, आणि मध्ये वेडीवाकडी कापलेली रेघ. पुढे पुढे तर लोक जमीन नावावर करून घेण्यासाठी मुद्दाम खोटं भांडण न्यायालयात मांडायचे, केवळ शेवटी हा कागद हाती पडावा म्हणून. त्यांचं भांडण खोटं होतं आणि शेवट खरा. आमचं उलटं चाललं होतं. तीन आठवडे आम्ही खरंखुरं भांडत होतो. जुनी उणीदुणी निघाली, बाबांच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं तेही निघालं. ते मी या मेसेजमध्ये लिहिलं नव्हतं, पण एका फोनवर बोलून गेले होते, आणि त्यावर ताई गप्प झाली होती. आता तिनं एक शब्द देऊन प्रकरण मिटवलं होतं.

‘मिटवणं’ हाही चमत्कारिक शब्द आहे. भांडण मिटतं तसे डोळे मिटतात, फूल मिटतं, ओठ मिटतात. मिटलं म्हणजे संपलं, की नुसतं आत घेतलं, हे बाहेरून कळत नाही.

आपल्या ‘दंड’ शब्दाचंही असंच. मुळात काठी. तीच काठी शिक्षेची झाली, भरायच्या पैशांची झाली, खांद्याखालच्या हाताची झाली. थोपटला तर आव्हान, काढले तर व्यायाम. देवापुढे काठीसारखं आडवं पडलं तर दंडवत. आणि विरलेल्या कापडाचा मधला भाग काढून टाकून दोन चांगले तुकडे जोडतात, त्या जोडाच्या शिवणीलाही दंडच म्हणतात. ही शिवण आई फार सुंदर घालायची. जोड आहे हे हात फिरवला तरच कळायचं.

पहाटे तीनच्या सुमाराला मला ‘अंत’ सुचला. फीनिसला आपल्याकडे जोड शोधायची तर हाच: शेवट आणि कड, दोन्ही. लॅटिनमध्ये या शब्दाचं अनेकवचन केलं की अर्थ व्हायचा मुलूख, कारण हद्दींनी वेढलेली जमीन. आणि आपला ‘प्रांत’? संस्कृतात तो आधी कड, काठ. प्रदेश मागाहून झाला. दोन भाषा एवढ्या लांबून चालत येऊन एकाच बांधावर भेटलेल्या. ‘सिद्धांत’, ‘वृत्तांत’, ‘दिगंत’. ‘अत्यंत’ म्हणजे अंताच्याही पलीकडे गेलेलं. ‘एकांत’ म्हणजे एका कडेला. मग इंग्रजीतला ‘ॲफिनिटी’ दिसला, त्याच्याही पोटात फीनिस. ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून आहे तो, म्हणून आधी शेजारी, मग सोयरा, मग ज्याच्याविषयी ओढ वाटते तो. आणि आपल्याकडे गुरूजवळ राहून शिकणारा ‘अंतेवासी’, कडेला, निकट राहणारा. म्हणजे हद्द ही जागा नुसती तोडणारी नाही. दोन शेतं एकमेकांना चिकटतात तीही बांधावरच. मला त्या क्षणी ताईची इतकी आठवण आली की फोन उचलून तिला हे सगळं सांगावंसं वाटलं. पहाटे तीन वाजता ‘अंतेवासी’बद्दल ऐकून घेईल असं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही.

फोन केला नाही. उत्तरही अजून दिलं नव्हतं. बरीच उत्तरं लिहून पुसली आणि शेवटी एकच शब्द पाठवला. ‘बरं’. पूर्णविराम न देता.

पाठवल्यावर लक्षात आलं की मीही तेच केलं. ‘बरं’ काय कमी आहे? बरं झालं आलास. बरं झालं गेला एकदाचा. आजारातून उठला तो बरा, आणि जो फारसा चांगला नाही तोही ‘बरा’च: मुलगी दिसायला बरी आहे म्हणतात तेव्हा त्यात कौतुक किती असतं ते मुलीला बरोबर कळतं. ‘बरंच’ म्हटलं की पुष्कळ. ‘बऱ्या बोलानं’ म्हटलं की धमकी. ‘बरं मग?’ म्हणजे पुढे सांग, आणि ‘बरं बरं’ म्हणजे पुरे कर आता. आई निरोप घेताना ‘येते बरं’ म्हणते, त्यातल्या ‘बरं’चा अर्थ मला अजून कुठल्याही कोशात धड सापडलेला नाही, तो तिनं उंबऱ्यात थबकून मागे बघितलेल्या नजरेत असतो. ताईनं माझं ‘बरं’ वाचलं असेल तेव्हा तीही अशीच बसली असेल का, यातलं नेमकं कुठलं म्हणून?

एका गोष्टीनं मात्र मला त्या पहाटे धीर दिला. पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपीत हाच शब्द इटालियन रूपात येतो, ‘फीने’. अर्थ तोच, शेवट. पण तो पुष्कळदा पानाच्या मध्यावरच छापलेला असतो. वाजवणारा तिथे पोचतो आणि न थांबता पुढे जातो, कारण अजून शेवट झालेला नाही. पान संपलं की खाली सूचना असते, ‘दा कापो अल फीने’: परत आरंभाला जा आणि फीनेपर्यंत वाजव. मग तीच सुरावट पुन्हा सुरू होते, आणि आता, दुसऱ्यांदा, त्याच शब्दापाशी थांबायचं असतं. पहिल्या वेळी तो शब्द डोळ्यांना दिसतो, हाताला लागत नाही.

दहा दिवसांनी ताई आली. आल्या आल्या आईच्या पायांशी बसली, तिच्या डोळ्यांवरचा हिरवा चष्मा जरासा सरकवून बघितला, परत नीट बसवला. हात धुऊन थेंब घातले. आई पापण्या मिटून पडून राहिली तेवढा वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग टेबलाशी बसलो. मी विचारलंच.

‘त्या दिवशीचं फाइन कुठलं होतं गं?’

ताईनं माझ्याकडे बघितलं. तिला आठवलं की नाही, मला सांगता येणार नाही. ‘मजेतलं नव्हतं,’ ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘खूप लिहिलं होतं मी. बाबांच्या वेळचंही लिहिलं होतं. पाठवलं नाही.’

‘दिसत होतं मला, तू लिहीत होतीस ते.’

‘मग विचारायचंस ना.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं वही ओढून घेतली आणि आम्ही सहा सहा महिन्यांचं मांडायला लागलो. कुठल्या महिन्यात कुणाकडे, तपासणीच्या तारखा, चष्म्याचा नंबर, औषधं. एकदा आवाज चढले, तेवढ्यात खाली आले. माझ्यासाठी एक कागद झाला, तिच्यासाठी एक, दोन्हीवर तोच मजकूर. ताईनं जोडपान मधोमध फाडलं. पट्टी नव्हती, त्यामुळे कड वेडीवाकडी आली, आणि मी त्या कडेकडे बघत राहिले म्हणून ती म्हणाली, ‘काय झालं?’

‘काही नाही.’

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. ती झोपली नव्हती.

‘माझ्याबद्दलच ठरवताय ना? मग मलाही एक कागद द्या. आणि बारीक अक्षरात नको, मोठं लिहा.’

ताईनं तिसरा कागद घेतला. वर पेन टेकवलं आणि तसंच उचललं. खुर्ची मागे सारून ती आतल्या दारापर्यंत गेली, कागद हातात तसाच.

‘आई, तूच सांग,’ ती म्हणाली, ‘काय लिहू?’